टोचून घ्यायचे ते कोणासाठी?

परदेशी जाण्याची तयारी म्हटली की आपल्या घरांतून पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि सामानाचे वजन यांची चर्चा आधी होते. आरोग्याचा विषय निघतो तो शेवटच्या पंधरवड्यात, आणि तोही ‘अजून एक कागद राहिला आहे’ अशा शब्दांत. काही वर्षांपूर्वी आमच्याही घरी तो असाच निघाला. त्या एका कागदापायी माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे जे बोलणे झाले, ते मला अजून विसरता आलेले नाही. विषय साध्या सुईचा. पण त्यातून निघालेला प्रश्न संडे स्कूलच्या वर्गात मांडण्याच्या योग्यतेचा आहे असे वाटल्यावरून येथे लिहितो.

दादांची मुलगी नैरोबीला असते. तिच्या मुलाचा बाप्तिस्मा ठरला आणि आजोबांनी यावे असा तिचा आग्रह होता. दादा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, वहिनी प्रभूकडे गेलेल्या, म्हणून सोबतीला मी जावे असे ठरले. आम्ही बेळगावचे. तिकिटे काढून देणाऱ्या माणसाने सांगितले की केनियातून परत येताना पीतज्वराची लस घेतल्याचा पिवळा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर अडवतात. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच जावे लागते. आम्हांला सोयीचे म्हणजे गोव्यात मुरगाव बंदरावरचे बंदर आरोग्य कार्यालय. तेथेही आधी विचारून, नेमल्या दिवशी जायचे. कारण लसीच्या एका कुपीत अनेक जणांचे डोस असतात, आणि कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते.

मी हे सारे ऐकत असताना तो गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाला, “सर, एवढा घाट उतरून कशाला जाता? नावे आणि पासपोर्टचे नंबर देऊन ठेवा. दोन दिवसांत शिक्क्यासह पुस्तक घरपोच. टोचून घेतले काय, न घेतले काय, तिथे बघणारा शिक्काच बघतो.”

खरे सांगायचे तर मी ‘नाही’ म्हटले नाही. ‘दादांना विचारून सांगतो’ म्हणालो. पण मनातून माझा होकार झालेला होता. दादांचे वय, चोर्ला घाटाचा रस्ता, तिथली रांग ही सारी कारणे मी घरी येईपर्यंत जमवून ठेवली होती. वाईट गोष्ट करायची ठरली म्हणजे आपण कारणे नेहमी दुसऱ्याच्या सोयीची शोधतो.

दादांनी सगळे ऐकून घेतले. ते चाळीस वर्षे शाळेत होते, त्यांतली शेवटची चौदा मुख्याध्यापक म्हणून. त्यांनी एकच विचारले, “त्या दाखल्यावर सही कोणाची असते?”

मी म्हटले, “डॉक्टरांची. आणि केंद्राचा शिक्का.”

“आणि आपली?”

मला ठाऊक नव्हते. पुढे पाहिले तेव्हा कळले की त्या आंतरराष्ट्रीय दाखल्यावर लस घेणाऱ्याचीही सही असते. ‘खाली सही करणाऱ्या या व्यक्तीस अमुक दिवशी लस दिली’ अशा अर्थाचा तो मजकूर आहे. म्हणजे खोटे केवळ दलालाचे राहत नाही. त्याखाली आपल्या हाताने आपले नाव घालावे लागते.

दादा म्हणाले, “अरे, शाळेत असताना दर वर्षी कोणीतरी येऊन बसायचा. मुलाची जन्मतारीख एक वर्षाने मागेपुढे करा, कोणाचे काय जाते म्हणायचा. मी एकाचीही केली नाही. आता स्वतःच्या दाखल्यावर करू?”

मला वाटले, विषय संपला. पण तो तिथे संपला नाही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

दादांना सांधेदुखीचा जुना विकार. त्यासाठी ते रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होते. आमच्या डॉक्टरांनी हे पाहून स्पष्ट सांगितले की ही लस दादांना देता येणार नाही. पीतज्वराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. धडधाकट माणसाचे शरीर त्याला सहज आवरते आणि त्यातूनच प्रतिकारशक्ती शिकते. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा रोगाने खचलेली आहे त्याला तोच विषाणू भारी पडू शकतो. थायमस ग्रंथीचा विकार असलेले, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, अगदी तान्ही बाळे, यांनाही ती देत नाहीत. गरोदर स्त्रियांबाबत फार विचार करावा लागतो. साठी ओलांडल्यावर प्रथमच घेणाऱ्यांतही गंभीर त्रासाचे प्रमाण काहीसे वाढते. असा त्रास एकंदरीत अतिशय विरळा आहे, तरी डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवायचे असते. म्हणूनच निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे आणि आपले सर्व आजार व औषधे त्यांना उघडपणे सांगावीत, असा सल्ला देतात. दादांनी गोळ्यांचे सांगितले नसते तर?

मग उपाय काय? डॉक्टर म्हणाले, “वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही, असे रीतसर लिहून देता येते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत त्याची सोय आहे. पण परत आल्यावर अधिकारी तुम्हांला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात, ही तयारी ठेवा.”

बाहेर आल्यावर माझ्या मनात तो दलाल पुन्हा उभा राहिला. आता तर त्याची बाजू मला अधिक सबळ वाटू लागली. मी दादांना म्हटले, “लस टाळण्यासाठी खोटे करणे वेगळे. तुम्हांला ती घेताच येत नाही. डॉक्टरांनी हेही सांगितले की नुसत्या नैरोबी शहरात राहणाऱ्याला या तापाचा धोका फार कमी. मग एका शिक्क्याने अडुसष्ट वर्षांच्या माणसाचे सहा दिवस वाचले, तर त्यात कोणाचे वाईट झाले?”

वाचकहो, या प्रश्नाला झटकन उत्तर देऊ नका. ‘खोटे बोलणे पाप आहे’ एवढ्यावर तो सुटत असता तर तो प्रश्नच नव्हता. एका बाजूला थकलेला म्हातारा माणूस, दुसऱ्या बाजूला कागदावरचा नियम, आणि मधे जवळपास शून्य वाटणारा धोका. अशा ठिकाणी पुष्कळ सज्जन माणसे खोट्याला ‘व्यवहार’ म्हणतात आणि शांत झोपतात.

उत्तर शोधायचे तर नियम कोणासाठी आहे हे आधी पाहिले पाहिजे. माझी समजूत अशी होती की लस प्रवाशाच्या रक्षणासाठी असते. तेव्हा ती घ्यावी की न घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. विषमज्वराची लस किंवा हिवतापाच्या गोळ्या यांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. पण पीतज्वराच्या दाखल्याचा मुख्य रोख आपल्या जाण्यावर नसून परत येण्यावर आहे. तो दाखला केनियासाठी नाही. तो बेळगावसाठी, मडगावसाठी, बडोद्यासाठी, हैदराबादसाठी आहे.

पीतज्वर आफ्रिकेच्या आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागांतला रोग. शहरांतून तो एडिस जातीच्या डासामार्फत पसरतो. हा डास आपल्याला परका नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा तोच. आपल्या गच्चीवरच्या टाकीत, कुंडीखालच्या बशीत, टाकून दिलेल्या टायरात तो वाढतो. म्हणजे डास येथे आहे आणि ही लस न घेतलेली कोट्यवधी माणसे येथे आहेत. नाही तो फक्त विषाणू. आजवर आपल्या देशात पीतज्वर पसरलेला नाही. त्याला आत येण्यासाठी एवढेच हवे आहे की ज्याच्या रक्तात तो आहे असा एक माणूस उतरावा, आणि येथल्या डासाने त्याला चावावे.

सहा दिवसांचा हिशेबही यातूनच आला आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. ताप येण्याच्या किंचित आधी आणि पहिल्या काही दिवसांत रुग्णाच्या रक्तातून डासाला विषाणू मिळतो. त्या वेळी रुग्णाला स्वतःलाही काय झाले आहे हे कळत नाही. अंग दुखते, डोके दुखते, प्रवासाचा शीण वाटतो. पुष्कळ जण त्यातून बरे होतात. पण थोड्यांना दुसरा फेरा येतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो, आणि अशांपैकी जवळजवळ निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात. या रोगावर नेमके औषध नाही. आहे ती लस. एकदा घेतली की बहुतेकांना जन्मभर पुरते. म्हणून २०१६ सालापासून हा दाखला, पूर्वीप्रमाणे दहा वर्षांपुरता न राहता, आयुष्यभर चालतो. मात्र टोचल्यानंतर दहा दिवस गेल्यावरच तो लागू होतो.

हे नुसते कल्पनेतले भय आहे काय? २०१६ साली अंगोला देशात पीतज्वराची मोठी साथ होती. तेथून चीनमध्ये परतलेल्या ११ जणांना हा रोग असल्याचे आढळले, आणि आशिया खंडात तो प्रथमच अशा रीतीने पोहोचला. तेथे तो पुढे पसरला नाही, हे सुदैव. २०२२ साली खुद्द केनियात, इसिओलो परगण्यात, साथ आली होती. परदेशी मजुरीला जाणाऱ्या गरीब माणसाच्या हातात कोणी खोटा दाखला ठेवतो तेव्हा तो त्याची दुहेरी फसवणूक करतो. त्याच्या गावाचे रक्षण जाते, आणि जंगलाच्या कडेला राबणाऱ्या त्या माणसाचे स्वतःचेही जाते. त्याला वाटते आपला खर्च वाचला.

आता आमच्या घरचा प्रश्न पुन्हा पाहू. ज्याला लस देता येत नाही त्याने खोटा दाखला घेतला, तर कोणाचे काय बिघडले? मला हळूहळू उमगले की बिघडते ते नेमके येथेच. ज्याने खरोखर लस घेतली त्याच्याकडून धोका नाही. धोका असेल तर तो दादांसारख्या, संरक्षण नसलेल्या माणसाकडून. खरा सवलतीचा कागद अधिकाऱ्याला सांगतो, ‘या माणसाला लस दिलेली नाही, काय काळजी घ्यायची ती घ्या.’ खोटा दाखला सांगतो, ‘येथे काळजीचे कारण नाही.’ म्हणजे ज्या एकाच ठिकाणी पहारेकऱ्याने जागे राहायला हवे, तेथेच आपण त्याला झोपवतो. लस घेता येत नाही हे कारण खोट्याला सौम्य करीत नाही. उलट तेच ते खोटे अधिक घातक करते.

दादांना हे मी सांगावे लागले नाही. त्यांनी अनुवादाच्या पुस्तकातला, बावीसाव्या अध्यायातला घराविषयीचा नियम काढला. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही, असा तो नियम आहे. दादा म्हणाले, “घरमालकाला आपल्या धाब्याची कड ठाऊक असते. तो सहसा पडत नाही. कठडा असतो तो दुसऱ्याच्या लेकरासाठी. पैसे मात्र मालकाचे जातात.”

मग मी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो आपल्या मंडळीत वारंवार ऐकू येतो म्हणून लिहितो. मी म्हटले, “आपण प्रार्थना करून जाणार. देव राखील.” दादा म्हणाले, “देव राखील म्हणून कठडा न बांधणारा देवावर भरवसा ठेवत नाही, त्याची परीक्षा पाहतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक असे प्रभूला कोणी सुचवले होते, ते आठव. आणि आपल्या उडीने खाली दुसराच कोणी चिरडणार असेल तर?” यावर मला काही बोलता आले नाही.

मी मुरगावला गेलो. दंडावर एक सुई, अर्धा तास बसून राहणे, आणि पिवळे पुस्तक. त्या खोलीत बोटीवर जाणारी गोव्याची तरुण मुले होती, आफ्रिकेत नोकरीस निघालेला एक कारागीर होता. आपण सारे आपापल्या प्रवासाला निघालो आहोत असे प्रत्येकाला वाटत होते; पण तेथे बसून आम्ही घरी राहणाऱ्यांसाठी काही करीत आहोत, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल? मला तरी महिन्यापूर्वी नव्हते.

या लसीमागे किती जणांचे काय खर्च झाले आहे, हेही आपण विसरतो. पीतज्वर डासामुळे पसरतो असे क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिन्ले यांनी १८८१ साली मांडले, आणि जवळजवळ वीस वर्षे त्यांचे कोणी ऐकले नाही. १९०० साली तेथे गेलेल्या अमेरिकन पथकातील डॉक्टर जेसी लॅझिअर डासांवर प्रयोग करीत असताना याच तापाने वारले. मॅक्स थायलर यांनी १९३७ साली जी लस तयार केली, तिच्याच वाणाची लस आजही देतात. आपल्याकडची गोष्टही अशीच. देवीची लस बसऱ्याहून जहाजाने मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्या दंडावरच्या फोडातून ती दुसऱ्या मुलांना दिली आणि अशीच दंडावरून दंडावर पुणे, सुरत, हैदराबादेकडे गेली. त्या मुलीने जे सोसले ते तिच्यापुरते राहिले नाही. आमच्या पिढीतील परदेशी जाणाऱ्यांना देवीचा दाखला लागत असे. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, आणि पुढे तो दाखलाही गेला. असंख्य अनोळखी माणसांनी खरेखुरे टोचून घेतले म्हणूनच तो कागद नकोसा झाला; खोट्या शिक्क्यांनी कोणताही रोग जात नाही.

आमचा प्रवास झाला. नैरोबीत दादा संध्याकाळी लांब बाह्यांचा सदरा घालून बसत, मच्छरदाणीत झोपत. शहराबाहेर जाण्याचा बेत निघाला तेव्हा त्यांनी नम्रपणे नाही म्हटले. नातवाला त्यांनी मांडीवर घेतले, बाप्तिस्मा झाला. परतल्यावर मुंबईस अधिकाऱ्याने माझे पुस्तक पाहून मला सोडले. दादांचा कागद वाचून त्यांना वेगळे ठेवले. उद्धट कोणी नव्हते. पण खोली एकट्याची होती.

त्या दिवसांत इकडे दादांचे शाळेपासूनचे स्नेही वारले. पन्नास वर्षांची सोबत. दफन दुसऱ्या दिवशीच झाले आणि दादा तेथे नव्हते. मी मातीला गेलो, तेव्हा आमच्या पुतण्याने मला बाजूला घेऊन रागाने विचारले, “काका, एका शिक्क्याचे काम होते. दादांना ताप नाही, काही नाही. काय मिळाले?”

त्याला द्यायला माझ्यापाशी सोपे उत्तर नव्हते. दादांना पुढेही ताप आला नाही. म्हणजे हिशेब मांडला तर त्यांचे सहा दिवस आणि मित्राचे अंतिम दर्शन गेले, आणि वाचले कोण ते दाखवता येत नाही. पण कठड्याचे असेच असते. कठड्यापाशी खेळून घरी गेलेल्या मुलाला आपण वाचलो हे कधी कळत नाही, आणि ते घरमालकाचे आभार मानायला येत नाही. ज्या चांगल्या कामाचे फळ दिसते ते करायला पुष्कळ जण तयार असतात. ज्याचे फळ ‘काहीच घडले नाही’ एवढेच असते, ते करायला मन घट्ट करावे लागते.

घरी आल्यावर दादा आधी स्मशानभूमीत जाऊन आले. पुतण्याने तोच प्रश्न त्यांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, “मला वाईट वाटते, आणि ते राहील. पण मी त्याच्या मातीला खोट्या दाखल्यावर गेलो असतो तर तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना न विचारता त्यांच्या जिवाशी एक छोटी पैज लावली असती. जिंकलो असतो, बहुधा. पण पैसे त्यांचे होते.”

संडे स्कूलच्या शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे की मुलांना शेजाऱ्यावरील प्रीती शिकवताना केवळ वाटेत पडलेल्या जखमी माणसापाशी थांबू नका. तो शेजारी डोळ्यांना दिसतो. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याला आपल्यापासून अपाय होऊ शकतो आणि ज्याला आपण वाचवले तरी ते कधी कळणार नाही, तोही शेजारीच. गच्चीवरची टाकी झाकणे, गोवर आला असता मुलाला शाळेत न पाठवणे, परदेशाहून आल्यावर ताप आला तर कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आपणहून सांगणे, ही सारी त्याच शेजाऱ्याची सेवा आहे.

आणि आपल्यापैकी कोणी लवकरच परदेशी निघणार असेल तर निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टरांकडे जा, जे टोचून घ्यायचे ते खरेखुरे टोचून घ्या, आणि जे घेता येत नाही ते खरे लिहून घ्या. त्या कागदाखाली सही आपली असते.